शेठच्या दुकानातली ब्रेकची रबरं

दादा, आपली जीप अजून आहे. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली आहे, वरून ताडपत्री. सेक्रेटरी दर मीटिंगला तिच्यावरून बोलतो, मी खाली मान घालून ऐकतो. आता तुमच्या नातवाला ती परत चालू करायची आहे, रविवारी घाटावर न्यायची आहे. ब्रेक उघडले तर आतली रबरं गेलेली. त्याने दोन खोकी आणून माझ्यापुढे ठेवली, एक ओरिजनल आणि एक लोकल. "पप्पा, ठरवा तुम्ही. मला विचाराल तर लोकल टाकू. सेम आहे, टेन्शन नका घेऊ." टेन्शन नका घेऊ म्हटलं की मला जास्तच येतं, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. जेवताना मी ती खोकी बाजूला सरकवतो आणि ताट उचललं की परत मध्ये आणतो. पोरं घाट उतरणार, आणि त्यांचा जीव या बाटलीच्या टोपणाएवढ्या रबरांवर. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

तुम्ही ती जीप लष्कराच्या लिलावातून आणली तेव्हा कोपरखैरण्यात दुसरी गाडी नव्हती. मिठागरावरून पोती रस्त्यापर्यंत न्यायची आणि गावात कोणी आजारी पडलं की त्याला ठाण्याला पोचवायचं, हे तिचं काम. मिठाचा वारा तिला रोज खात होता. तुम्ही लोकल माल घालायचा, तो गळायचा, मग पुन्हा लोकल. शेवटी त्या वर्षी दसऱ्याच्या आधी तुम्ही ठाण्याच्या स्पेअर पार्टवाल्या शेठकडे गेलात. मीही होतो. शेठने काचेवर दोन्ही प्रकारची रबरं मांडली. "भाऊ, बाकी काही पण लोकल घाल. ब्रेक मात्र ओरिजनल घाल," तो म्हणाला. तुम्ही हसलात. "शेठ, तू तुजा फायदा बगतो." तो म्हणाला, "बघतोच. तू मेलास तर माझं गिऱ्हाईक जाईल ना!" तुमची दोघांची मस्करी अशीच चालायची. त्याच्या घरचं लग्न असलं की मिठाचं एक पोतं आपल्याकडून जायचं आणि आपल्या जत्रेला तो बायकापोरांना घेऊन यायचा.

घरी आल्यावर तुम्ही खोकं आईच्या हातात दिलंत. "दसऱ्याला पूजा करून मंग बसवू. मिठाचा वारा लागू देऊ नको," एवढंच बोललात. मला ती आता डोळ्यांपुढे दिसते. चुलीजवळच्या फळीवर, जिथे हवा कोरडी असते, तिथे ती खोकं ठेवते, वरून फडकं टाकते. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, जीपला झेंडूचा हार पडतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः अंगणात चटई टाकून रबरं बसवता. ब्रेक असा लागतो की तुम्ही गावातल्या रस्त्यावर दोन फेऱ्या उगाच मारता.

आणि मग आजीला धाप लागली तो दिवस. तुमची आई मागे गोधडीवर, तिचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी जड चालते असं तुम्ही आधीपासून म्हणत होतात. महाप्याच्या पुढे ती ओढेनाशी झाली. पाय पेडलवरून काढला तरी ब्रेक सुटत नव्हता, चाकांतून धूर यायला लागला. तुम्ही उतरून चाकाला लाथ मारलीत, शिवी दिलीत, मग रस्त्याच्या मधे हात जोडून उभे राहिलात. कारखान्याचे ट्रक जात होते. एकजण थांबला, पण कधी थांबला! ठाण्याच्या डॉक्टरने सांगितलं की आधी आणली असती तरी वाचली असती की नाही, सांगता येत नाही. तुम्ही त्यातलं फक्त "आधी आणली असती" एवढंच ऐकलंत.

तेरावं झाल्यावर तुम्ही ती फुगलेली रबरं काढून शेठच्या काचेवर टाकलीत. "हा तुजा ओरिजनल?" शेठने एक रबर उचललं, दाबलं, नाकाशी नेलं. मग हळू विचारलं, "भाऊ, याला काही लावलं होतं का?" तुम्ही भडकलात. "हलद-कुंकू लावला व्हता! माजी आई गेली आनि तू वास घेतो?" शेठने रबर काचेवर परत ठेवलं. म्हणाला, "माझीच चूक असेल." तुम्ही दुकानाची पायरी उतरलात ती कायमची. त्यानंतर गावात, आगरावर, एसटीच्या थांब्यावर, भेटेल त्याला तुम्ही सांगितलंत की शेठने खोक्यात डुप्लिकेट माल घालून विकला. पुष्कळांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. तुम्ही हेच मनात धरून गेलात.

मिठाची आगरं सरकारात गेली, मी तुर्भ्याच्या गॅरेजात लागलो. सातवी नापास माणसाला दुसरं कोण ठेवणार! एकदा मी ब्रेकची रबरं तेलकट फडक्याने पुसत होतो तर मिस्त्री अंगावर आला. "अरे, ब्रेकच्या रबराला त्याच्या तेलाशिवाय दुसरं कुठलं तेल चालत नाही. फुगून बसेल आणि चाक पकडेल!" मी फडकं खाली टाकलं. त्या संध्याकाळी घरी आलो तर आई दारात बसून कोयत्याला खोबरेल लावत होती. आपल्याकडे लोखंडाची प्रत्येक वस्तू अशीच टिकते, नाहीतर मीठ ती खातं. मी ब्रेकच्या त्या खोक्याबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्या पार्टाला पन लावला व्हता ना मी. रोज थोरा थोरा. ओरिजनल म्हनून." आणि कोयता उजेडात धरून बघत राहिली. तिला मी काय सांगणार होतो, दादा? तिने तुमचा शब्द पाळला होता.

मी शेठकडे गेलो. तो थकला होता, काउंटरवर मुलगा बसायचा. मी सांगायला लागलो तेव्हा त्याने हातानेच थांबवलं. "मला तेव्हाच खोबरेलाचा वास आला होता. बोललो असतो तर माझं गिऱ्हाईक वाचलं असतं. पण भाऊची आई गेलेली, आणि घरात तुझी आई. तिला त्याने आयुष्यभर काय ऐकवलं असतं?" मग त्याने मुलाला चहा सांगायला लावला. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

टेबलावरचं ओरिजनल खोकं शेठच्या नातवाच्या दुकानातलं आहे. इतकी वर्षं गॅरेजात काढली, पण नुसतं बघून ओरिजनल आणि डुप्लिकेट मला आजही ओळखता येत नाही. छाप हुबेहूब काढतात. पण त्या घरातून आलेलं आहे म्हणून मी तेच घालणार. आज मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? मग इतके दिवस काय विचार करत होता?"

शेठ खरा होता, हे तुम्हाला कळायला हवं. पण हे पत्र मी तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की तुम्ही कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावायचात, आणि आई चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. आता तीही तुमच्याजवळच आहे. मी हे घडी करून गादीखाली सरकवतो.

मघाशी ओरिजनल खोकं उघडून एक रबर नाकाशी नेलं. नुसत्या रबराचा वास आला, खोबरेलाचा नाही, बरोबर तसाच यायला हवा. तरी खरं सांगतो दादा, मला थोडं वाईट वाटलं.