नंदिनीचा सत्कार

तीर्थरूप आई,

नागपूरहूनच तुझ्या पाया पडते. फोनवर बोलली असती तर भांडण झालं असतं, म्हणून लिहून राहिली. मी बरी आहो, खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा अजून हातमागावर बसतात का?

काल विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांचा दरवर्षीचा सत्कार होता. यंदाचा पुरस्कार नंदिनीले भेटला. होस्टेलवर माझ्या खोलीत राहत होती, तीच. आता मोठी शास्त्रज्ञ झाली म्हणे. शाल, नारळ, फोटोच फोटो! मी मागून टाळ्या वाजवल्या. मार्क तर माझेच जास्त राहत होते. पण जाऊ दे, ज्याचं त्याचं नशीब.

मग भाषणात म्हणते कशी, "मला आई नव्हती. पण उमरेडच्या कांताबाई दर सोमवारी एसटीच्या कंडक्टरच्या हाती आम्हा दोघींचा डबा पाठवायच्या. माझ्या भाकरी वेगळ्या फडक्यात असायच्या, तुपानं माखलेल्या. हा पुरस्कार त्या माउलीचा."

सारे उठून टाळ्या वाजवून राहिले होते. माझ्या बाजूची बाई तर रडलीच. मी मात्र बसूनच होती.

पुरस्कार घेऊ दे तिले, शालही घेऊ दे. पण खरं सांग वं माय, माझ्या भाकरी कोरड्या काहून राहत होत्या?

रविवारी ती तुले भेटायले येऊन राहिली. जेवू घाल, मी नाही म्हणत नाही. पण मीही येतेच. चुलीजवळच बसीन, तूप कोणाच्या भाकरीले लावते ते पाहत.

तुझी सख्खी पोरगी,
वंदना