झरोक्याखालचा दगड

अंधेरी पूर्व,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. केतन यास ताईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक, तिकडे तू ठीक असशीलच. हैदराबादला थंडी पडली असेल, स्वेटर घालत जा. आप्पांच्या भुवईवरचे टाके निघाले. मनगटाचं प्लॅस्टर अजून महिनाभर राहील. शेजारचे श्यामसुंदरकाका तुझी आठवण काढतात. झालं, पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहून झालं.

हातात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. आपलं घर केवढं आहे ते तू विसरला नसशील. मोरीचं दार लावून फोनवर कुजबुजले तरी आप्पांना ऐकू जातं. लिहिलेलं मात्र त्यांना दिसत नाही, म्हणून लिहितेय. ते समोरच खुर्चीत बसलेत, रेडिओ बारीक लावलाय. मघाशी विचारलं, "काय करतंस गो?" मी म्हटलं, वह्या तपासतेय. सहावीच्या वह्यांचा गठ्ठा खरंच पुढ्यात आहे.

शुक्रवारी तू मासिकाचं पान पाठवलंस. तू आखलेल्या मेट्रो स्टेशनला बक्षीस मिळालं. "सर्वांना सामावून घेणारी रचना" असं मोठ्या अक्षरांत छापलंय. खाली तुझा मेसेज, ताई, आप्पांना वाचून दाखव. दाखवलं वाचून. फोटोत काय आहे विचारलं त्यांनी, तेही सांगितलं. वरून ऊन येतंय, फरशी चकचकीत आहे, मधोमध काळा दगड आहे. दगड म्हटल्यावर त्यांचा हात भुवईकडे गेला. मग म्हणाले, "बरा झाला हां." श्यामसुंदरकाकांनी चाळभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

केतन, आप्पा मोरीत पडले नाहीत.

तुला तसं सांगितलं, कारण त्यांनी मला शपथ घातली होती. चाळीत सगळ्यांना तेच सांगितलंय. खरं म्हणजे ते तुझ्या स्टेशनात पडले. तीस नोव्हेंबरला, सकाळी साडेदहाला, तुझ्या त्या बक्षीसपात्र झरोक्याखाली, त्याच काळ्या दगडावर.

आता थोडी मागची आठवण करून देते. तू मोठमोठ्या लोकांत वावरतोस, तुझ्या डोक्यातून गेलं असेल. दोन वर्षांपूर्वी तू त्या पिवळ्या लाद्या घरी आणल्यास. काहींवर उभ्या रेघा, काहींवर ठिपके. गॅलरीत एकापुढे एक मांडल्यास आणि आप्पांना सांगितलंस, पायाला रेघा लागल्या की चालत राहायचं, ठिपके लागले की थांबायचं, पुढे वळण आहे नाहीतर जिना आहे. महिनाभर तो माणूस रोज सकाळी गॅलरीत ये-जा करत होता. आधी अनवाणी, मग चपला घालून, मग तुझे जुने बूट घालून. चपलेतून रेघा कळत नाहीत, उंच कर, हे त्यांनी सांगितलं. जिन्याच्या अलीकडे ठिपक्यांची एकच ओळ ठेवू नकोस, माणूस ढांग टाकून ती ओलांडून जाईल, हेही त्यांनीच सांगितलं. तू मुकाट्याने नकाशे बदललेस. बारा वर्षांपूर्वी काचबिंदूने डोळे गेल्यापासून कुणी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं रे. त्या महिन्यात ते जेवणाच्या पानावर बसूनसुद्धा लाद्यांबद्दल बोलायचे.

आणि तो झरोका. जमिनीखालच्या स्टेशनात ऊन उतरवायचं हे तुझं खूळ. साहेबांशी भांडून तू ते पास करून घेतलंस, त्याचा मला अजूनही अभिमान आहे, आणि तेच मला सहन होत नाहीये. तू आप्पांचा हात हातात घेऊन सांगितलं होतंस, लिफ्टमधून बाहेर पडलात की रेघांवरून सरळ चाला. डोक्याला ऊन लागलं की समजा झरोका आला. तिथून डावीकडे तिकिटाची खिडकी. आप्पांनी ते तीनदा म्हणून दाखवलं होतं.

मग उद्घाटनाची तारीख ठरली आणि साहेबांना कोनशिला उन्हात हवी झाली. बाजूच्या भिंतीवर ती नीट बसत होती, तुझ्या नकाशात तिथेच होती. पण भिंतीवर सावली, फोटोत पाहुण्यांची नावं वाचता येईनात. म्हणून कमरेएवढा ग्रॅनाइटचा चौथरा आणून झरोक्याच्या बरोब्बर खाली बसवला. पिवळ्या लाद्यांवर. जाऊन बघ एकदा. तुझी ती रेघांची वाट दगडाच्या एका अंगाने आत शिरते आणि दुसऱ्या अंगाने बाहेर येते. मधल्या अडीच फुटांत आंधळ्या माणसाने काय करायचं, ते कुठल्याच साहेबाला सुचलं नाही. पाहुणे दोन तासांत निघून गेले. दगड तिथेच आहे.

त्यांना नाही सुचलं, त्यांचं सोड. तुला ठाऊक होतं. त्या बदललेल्या नकाशावर सही तुझी आहे.

यावर तू मला काय म्हणशील तेही मला माहीत आहे. म्हणशील, ताई, दगडावर नाव कुणी मागितलं होतं? मी मागितलं होतं. लिहूनच टाकते, कारण हे टाळूनच मी दोन पानं भरली. एकतीस वर्षं आप्पांनी गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभे केले. पिक्चर लागला की आपण चौघं थेटरात शेवटपर्यंत बसायचो. दिवे लागायचे, झाडूवाला यायचा, आणि पडद्यावर सुताराचं नाव काही यायचं नाही. आई दर वेळी म्हणायची, पुढल्या पिक्चरला येईल. ती गेली, ते आलं नाही. म्हणून मी तुझ्या मागे भुणभुण लावली की काहीही कर पण दगडावर नाव लाव, आणि मधलं नाव गाळू नकोस. उद्घाटनाच्या आधी तुझा फोन आला. म्हणालास, "ताई, नाव आलं, पूर्ण आलं. दगडाची जागा थोडी ॲडजस्ट करावी लागली." मी विचारलं नाही की जागा म्हणजे कुठली. मी म्हटलं, "झकास." तेव्हा तुझ्या सहीमागे माझंही झकास आहे. ते मी नाकारत नाही.

तीस तारखेला मीच त्यांना घेऊन गेले. रविवार होता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, नाक्यावरच्या चहावाल्याला थांबून सांगितलं, "झिलान बांधलेला स्टेशन बघूक जातंय." बघूक म्हणाले. लिफ्टमधून उतरलो, पायाखाली रेघा लागल्या आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, हे केतनने बघायला पाहिजे. मी फोन काढला. आणि त्यांच्या हातातली पांढरी काठी काढून घेतली.

हो, मी काढून घेतली. व्हिडिओत काठी बरी दिसत नव्हती. मी म्हटलं, आप्पा, काठी द्या इकडे, केतनची वाट आहे, ती काय तुम्हाला पाडणार आहे? त्यांनी लगेच दिली. मी चार पावलं मागे सरकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरला. दगड माझ्या डोळ्यांदेखत होता, पण मी स्क्रीनमध्ये फक्त त्यांना बघत होते. डोक्यावर ऊन आलं तसं त्यांनी चालणं वाढवलं. झरोका आला म्हणून. चौथऱ्याची कड आधी पोटात बसली, मग कपाळ दगडावर, मग ते हातावर पडले. चौदा सेकंदांचा व्हिडिओ आहे. माझा आवाज आहे त्यात. मी म्हणतेय, "आप्पा, जरा हसा."

मी धावले. भुवईतून रक्त येत होतं. लोक जमले, कुणी पाणी आणलं. आप्पा दगडाला धरून उठले आणि उजव्या हाताने दगड चाचपू लागले. मला वाटलं, कसल्या वस्तूला धडकलो ते बघतायत. पण ती कोरलेली अक्षरं होती. सुताराची बोटं ती, एकेक अक्षर सोडवत खाली आली. पाहुण्यांची नावं, साहेबांची नावं, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत, वास्तुरचना, केतन जयवंत मेस्त्री. जयवंतवर बोटं थांबली. पुन्हा मागे जाऊन त्यांनी ते पहिल्यापासून वाचलं. मग रक्ताने भरलेल्या तोंडाने मला म्हणाले, "आपल्या प्रत्येक पिक्चरात ऱ्हवलेला नाव हयसर आसा गो." आणि लगेच, "केतनाक सांगू नको हां. मोरीत पडलंय म्हणान सांग."

केतन, मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. तू लहानपणी माझी बाहुली कापलीस, आईच्या दहाव्याला वेळेवर आला नाहीस, तेव्हाही नाही. त्यांना लागलं म्हणून राग आहेच. पण ते धडपडून वर तुलाच सांभाळत बसले, त्याचा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी स्टेशनातल्या साहेबांकडे गेले. तरुण माणूस, भीमराज नाव, बोलायला नीट. म्हणाला, "मॅडम, मला पण दिसतंय ना. पण माझ्या हातात काय नाय. कोनशिला आहे, तिला असा कोण हात लावणार? आर्किटेक्टने लेखी दिलं की मूळ नकाशाप्रमाणे भिंतीवर घ्या, तर एका दिवसाचं काम आहे." मी तुला त्याच संध्याकाळी मेसेज केला, आठव. कुणाचं नाव न घेता विचारलं की तो दगड वाटेत येतोय, हलवता येईल का. तुझं उत्तर आलं, ताई, आता नको, बक्षिसाची कमिटी बघायला येतेय, आता लिहून दिलं तर माझी चूक मी कबूल केल्यासारखं होईल. भीमराजने तेवढ्यात आपल्या परीने उपाय केला. दगडाभोवती चार कुंड्या ठेवल्या. त्याही पिवळ्या लाद्यांवर.

तर कमिटी आली, बघून गेली, बक्षीस देऊन गेली. त्यांच्यात एकही आंधळा नव्हता असं दिसतं.

आणि इकडे काय झालंय ते ऐक. जो माणूस रोज एकटा नाक्यावर जाऊन चहा पिऊन यायचा, केस कापायला एकटा जायचा, तो चौदा दिवस, टाके काढायला नेलं तेवढं सोडून, उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. घरातल्या घरात चालताना उजवा हात पुढे धरतो. या खोलीत ते पन्नास वर्षं राहतायत, कपाट कुठे आहे हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत, आणि तरी हात पुढे. मी म्हटलं, चला, कोपऱ्यापर्यंत जाऊ, मी धरते. तर म्हणाले, "कशाक? माका आता खंय जावचा नाय." काठी दारामागे आहे. ती हातात घ्यायला मागत नाहीत, आणि मला ती त्यांच्या हातात द्यायला तोंड नाही.

तू लेखी दे. बाकी मला काही नको. तुझी चूक कबूल होईल, होऊ दे. मीही व्हिडिओ दाखवीन, माझ्या आवाजासकट, ज्याला बघायचा त्याला. हवं तर बक्षीस परत घेतील. घेऊ देत. पेढे आम्ही खाल्लेत, ते परत करता येणार नाहीत एवढंच.

इथपर्यंत लिहिलं आणि आप्पांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "वह्यो तपासतंस, तर पाना उलटाक व्हयी. तासभर पेन चलता हा, पाना दोन-चारच उलटली. केतनाक लिवतंस मां?"

मी पेन खाली ठेवलं.  मग आप्पा म्हणाले, तू सहा वर्षांचा होतास तेव्हाची स्टुडिओतली गोष्ट तुला आठवते का ते विचार. त्यांनी राजवाड्याचा जिना उभा केला होता, समोरून पॉलिश केलेला, सोनेरी कठडा वगैरे. तू धावत वर चढलास आणि अकराव्या पायरीवर आप्पांनी तुझा शर्ट मागून धरला, कारण बारावी नव्हतीच. मागे नुसते खिळे आणि बांबू. तू रडून रडून विचारत होतास, हा जिना जातो कुठे? आप्पा तेव्हा तुला म्हणाले होते, हा चढण्यासाठी नाही रे, कॅमेऱ्यात दिसण्यासाठी आहे.

एवढं सांगून त्यांनी पुढचं शब्दाला शब्द लिहायला सांगितलं. आवाज चढला नव्हता. तीसेक वर्षांत मी त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नाही. लिहिते:

"तेका म्हण, नाव रवांदे, नाव बरा आसा. पण एकच इचार. तू स्टेशन बांधलंस, काय सेट लावलंस?"

याचं उत्तर कागदावर पाठवू नकोस, त्यांना वाचता येत नाही. फोनवरही नको. स्वतः ये आणि त्यांच्यासमोर बसून दे. येताना त्या स्टेशनात उतर, सकाळी साडेदहाला, आणि लिफ्टपासून डोळे मिटून चाल. मी तिकिटाच्या खिडकीशी उभी असेन. मी तुला हाक मारणार नाही.

काठी काढून घेणारी,
तुझी ताई,
नीलम