जुईचे दांडीचे बूट

४ नोव्हेंबर, निपाणी (माहेरी)

प्लास्टर संपलं एकदाचं. आज बेळगावला शेवटचं कापलं. जुईचा उजवा पाय पहिल्यांदाच सरळ बघितला. जन्मली तेव्हा तळवा पार आत वळून वर बघत होता. आता अगदी पायासारखा पाय, फक्त पोटरी डाव्यापेक्षा बारीक आणि कातडी सोललेली. मी तो हातात धरूनच बसले. नर्सने दोनदा मागितला, दिला नाही.

मग त्याच टेबलावर बूट. छोटे पांढरे, पट्ट्यांचे, आणि दोन्हींच्या मध्ये ॲल्युमिनियमची दांडी स्क्रूने बसवलेली. आंघोळ सोडली तर दिवसरात्र पायात, फेब्रुवारीपर्यंत. पुढे नुसते झोपेत, चार वर्षांची होईपर्यंत. डॉ. म्हणाले, "प्लास्टरनं पाय सरळ केलाय, आता बूट तो सरळ ठेवणार. बूट सुटले की पाय परत आत फिरणार. परत पहिल्यापासून सगळं." मान हलवली.

परतीच्या बसमध्ये संकेश्वरपर्यंत अखंड रडली. अण्णांच्या डेपोतल्या ओळखीने पुढची सीट मिळाली होती, म्हणजे अख्ख्या बसला नीट ऐकू गेलं.

५ नोव्हें.

रडणं. दूध. रडणं. एक पाय झाडायला जाते, दुसरा मध्ये येतो, त्याचा राग. आई म्हणते, "काढ गं जरा वेळ, लेकराचा जीव चाललाय." नाही काढले. नंतर न्हाणीघरात नळ सोडून मी पण रडून घेतलं. कुणाला कळलं नसावं. (आईला कळलं. चहा आपोआप आला.)

८ नोव्हें.

झोळी बाद. आईने केवढ्या हौसेने जुन्या लुगड्याची बांधलेली, त्यात जुई आडवी मावतच नाही, दांडी दोन्हीकडून बाहेर. पाळण्यात घातली तर कठड्यावर ठण ठण ठण. दुपारी आईच्या हनुवटीवर दांडी बसली. तीळ होता तिथे आता टेंगूळ आहे.

अण्णा मात्र खूश. डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाल्यापासून घरात बिघडलेलं काहीच शिल्लक नाही, त्यामुळे बेचैन असतात. मिक्सर, पंखे, शेजारच्यांची स्कूटर सगळं झालं. आज जुन्या गादीचा स्पंज कापून दांडीला गुंडाळला, वर माझ्या ओढणीचं कापड शिवलं. स्वतः शिवलं! टाके बघण्यासारखे आहेत.

१२ नोव्हें.

डॉ.नी सांगितलं होतं, दांडी धरून दोन्ही पाय एकदम वाकवा, सरळ करा, म्हणजे तिला जोडीने हलवायची सवय लागेल. मी करते तर किंचाळते. अण्णांनी त्याची बस केली. दांडी धरून पाय पुढे, मागे, आणि वर कंडक्टरची आरोळी: "कोगनोळी, कागल, कोल्लापूऽऽर! चला मागं सरका, मागं सरका!" जुई गप्प. डोळे मोठे. मग चक्क हसली. "कोल्लापूर" आलं की दोन्ही पाय स्वतः ढकलते.

दिवसातून किती वेळा कोल्हापूर होतं त्याला गणती नाही.

१६ नोव्हें.

शेजारच्या मालूताई आल्या होत्या बाळ बघायला. बूट बघून पदर तोंडाला लावला. "गिराणात पाय दुमडून बसलीवतीस काय गं?" म्हटलं, ग्रहण होतं त्या दिवशी मी नववीच्या वर्गाचे पेपर तपासत टेबल-खुर्चीवर बसले होते, पाय सरळ सोडून. "मग खुर्चीमुळं झालं असंल." जाताना मात्र जुईच्या कानामागे काजळाचं बोट लावून गेल्या. चिडले होते, पण मग हसू आलं.

२३ नोव्हें., रविवार

महेश आला मच्छ्याहून, लेकीला बघायला. कारखान्यातल्या मोठमोठ्या मशिनी चालवतो आणि पोरीला उचलताना विचारतो, "दांडीला धरू की पाठीला?" पाठीला रे बाबा. संध्याकाळी जाताना तिच्या बुटालाच पापा घेतला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२६ नोव्हें.

चमत्कार! कालपासून जु. शांत. आंघोळीनंतर अण्णांनी बूट चढवले तरी हूं की चूं नाही. पाय झाडते, खेळते, दुपारभर झोपली. रुळली म्हणायची. आई आणि मी कित्येक दिवसांनी एकत्र बसून गरम गरम जेवलो. म.ला फोन करून सांगितलं. तोही खूश.

अण्णा पाळण्यापाशी उभे, हात मागे बांधून. "आता कसं नीट दिसतंय," म्हणाले. दिसत होतंच. बूट, पोर, सगळंच.

६ डिसेंबर, शनिवार

लिहायचीसुद्धा इच्छा नाही. तरी लिहिते.

तपासणीला सगळे गेलो. म. परस्पर दवाखान्यात आला. बूट बसवणारे गृहस्थ दांडी हातात घेऊन बघतच राहिले. मग एकदम कानडीत, "इदन्न यारु मुट्टिद्रु?" याला कुणी हात लावला? मी म.कडे, म. माझ्याकडे. मला वाटलं स्पंजाबद्दल विचारतायत.

स्पंज नाही. उजवा बूट बाहेरच्या बाजूला फिरवून बसवलेला असतो, डाव्यापेक्षा जास्त. आता दोन्ही सारखे. अगदी सरळ, समोर बघत. रोज हाताळूनही मला कळलं नव्हतं. की कळून घेतलं नव्हतं, पोर रडत नाही एवढंच बघत होते?

दाराशी पिशवी घेऊन उभे असलेले अण्णा पुढे आले. "मी केलं, डॉक्टर. उजवीकडचा लईच भाईर गेलता. कुणीतरी चुकून बसवला असंल म्हटलं. दोन्ही चाकं सारखी नसली की गाडी खेचती वो एका अंगाला."

डॉ. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "अण्णा, हा पाय आत जायला बघतोय. म्हणून त्याला बाहेर धरून ठेवायचा. सरळ ठेवला की तो निघाला परत आपल्या वाटेनं." पाय हातात घेऊन फिरवून बघितला. थोडा आखडलाय. बूट होते तसे बसवले. वीस तारखेला परत बोलावलंय. पाय मोकळा झाला तर ठीक, नाहीतर पुन्हा प्लास्टर.

बसमध्ये मी बोलले. "विचारायला काय झालं होतं? कधी कुणाला विचारायची सवयच नाही तुम्हाला." मोठ्याने बोलले. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने "काय अण्णा!" केलं, तेव्हा नुसता हात वर केला.

७ डिसें.

परत रडणं सुरू. आता कळतं की त्या दहा-बारा दिवसांत ती का गप्प होती. पाय जिकडे ओढ घेत होता तिकडेच त्याला जाऊ दिला होता आम्ही.

अण्णांनी पान्यांची पेटी माळ्यावर टाकली. चहा घेतला, बाहेर गेले, जेवायला आले, परत गेले. जुईकडे फिरकले नाहीत.

९ डिसें.

आई मला म्हणाली, "बोललीस ते बरोबर बोललीस. पर आता फुरं कर." मी म्हटलं, मी काही बोलतच नाहीये. "त्येच म्हंते मी."

११ डिसें.

राग आहे अजून. उगाच नाही म्हणायचं कशाला? परत प्लास्टर म्हणजे परत दर आठवड्याला बेळगाव, परत ते कापणं, आणि माझी रजा फेब्रुवारीत संपते. पण आज दांडी धरून मी "कोगनोळी, कागल" केलं तर जुई माझ्याकडे बघेना, दाराकडे बघत होती. माझा कंडक्टर अगदीच शाळामास्तरीण आहे.

अण्णा बाहेर कट्ट्यावर. हाक मारली. उंबऱ्यातच थांबले. "नको गं. माझा हात नको लागायला आता तिला." एवढा मोठा माणूस, आणि चप्पल हातात घेऊन उभा. त्यांना खाली बसवलं आणि जुईला उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आधी चप्पल बाजूला ठेवली. मग एकदम बारीक आवाजात, "कोगनोळी..."

जुईने कागलची वाटसुद्धा बघितली नाही, पाय ढकललेच.

मी स्वयंपाकघरात गेले. कांदा चिरायला घेतला, बरं पडलं.

२० डिसें.

पाय मोकळा झाला! प्लास्टर नको! डॉ.नी तीन-तीनदा फिरवून बघितला आणि मग म्हणाले, "छान आहे. असंच चालू द्या." पण फेब्रुवारीपर्यंत अजिबात ढिलाई नाही. पाय परत आखडायचा प्रयत्न करणारच, म्हणाले.

अण्णा आले नव्हते. दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच फोन केला. "बरं," म्हणाले आणि ठेवला. मला जरा लागलंच. घरी आले तर आई सांगते, फोन ठेवून जे गेले ते सगळा बाजार फिरून आले, भाजीवाल्या, केळीवाले, डेपोतले, सगळ्यांना सांगत: "नातीचा पाय वाचला." कुणाकुणाला तर मुळात पाय बिघडला होता हेच माहीत नव्हतं.

घरात तीन डझन केळी आहेत.

२ जानेवारी

विशेष काही नाही. हे लिहितानाही बरं वाटतंय. जु. पालथी पडली, दांडीसकट! गाडी वळवायला जागा लागते तशी लागते, पण वळते. बुटात टाच नीट बसली का ते बघायला मागे बारीक भोक आहे, दरवेळी त्यातून डोकावते. लाल वळ उठतो, काढल्यावर थोड्या वेळात जातो. फोड नाही. केळी संपली.

१४ जाने., संक्रांत

बोरन्हाण झालं. त्याआधी दोन दिवस घरात खलबतं. सासूबाई मच्छ्याहून आल्या होत्या, त्यांचं म्हणणं, फोटोपुरते तरी बूट काढा, काळ्या झबल्यावर ते पांढरे बूट कसे दिसतील? मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाली, "ऱ्हाऊ देत. म्या बघते." तिने हलव्याचे दागिने केलेच होते, मुकुट, हार, बाजूबंद. वाळे मात्र बुटांवरून चढेनात. तर रात्रीत तिने हलव्याची एक लांब माळ केली आणि सगळी दांडीला गुंडाळली. अशी सजलेली दांडी कुणी बघितली नसेल. सासूबाईंनीच पहिला फोटो काढला.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून पडले, गल्लीतल्या पोरांनी लूट केली, एकाने दांडीवरचाही हलवा पळवला. जुई मध्यभागी माझ्या मांडीवर बसून सगळ्यांकडे बघत होती, जसं काही हे सगळं तिनेच ठरवलेलं.

१५ जाने.

दांडीला मुंग्या. अण्णांनी भिंग लावून एकेक काढली. स्क्रूला हात न लावता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

३ फेब्रुवारी

आजपासून दिवसा पाय मोकळे. फक्त झोपताना बूट, दुपारी पण आणि रात्री पण.

सतरंजीवर ठेवली. सगळे गोल बसून बघतोय, आणि बाई दोन्ही पाय एकदम वर, एकदम खाली. दांडी नाही हे तिला माहीतच नाही. बऱ्याच वेळाने एक पाय चुकून एकटाच वर आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. धरला. अंगठा तोंडात. उजवा!

मी खूप आनंदात आहे. हे असंच लिहून ठेवते.

डॉ.चं वाक्य पण लिहून ठेवते: "खरी परीक्षा आता आहे. दिवसा पाय चांगला दिसतो, मग झोपेतल्या बुटांचा लोकांना कंटाळा येतो. आणि तिथंच पाय परत फिरतो."

७ फेब्रुवारी

उद्या मच्छ्याला. परवा शाळा. पिशव्या भरून झाल्या, दुधाच्या बाटल्या आईने तीनदा मोजल्या. दिवसभर जुई सासूबाईंकडे असणार. दुपारचे बूट त्यांनीच घालायचे.

सकाळी त्यांचा फोन होता. "पाय तर चांगला झालाय की. दुपारी घटकाभर झोपती, तेवढ्याला कशाला ते बूट? पोर रडायचं उगं." मी समजावत होते, त्या "व्हय, व्हय" करत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या. अण्णांनी हात पुढे केला, फोन घेतला. "ताई, डॉक्टरनं सांगितलंय तेवढंच करा. जास्तीचं शहाणपण माझ्याकडनं करून झालंय." आणि मग सगळं सांगितलं, बस, चाकं, पाना, प्लास्टरची भीती, काही न लपवता. मी सहा डिसेंबरला जे बोलले होते तेसुद्धा. मग सासूबाई म्हणाल्या, "बघू या." त्यांच्या "बघू या"चा अर्थ मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही लागत नाही.

संध्याकाळी जुईला झोप आली. आज बूट अण्णांनी घातले. मोजा सरळ, सुरकुती नाही. मधला पट्टा आधी, मग बाकीचे. मागच्या भोकातून टाच बघितली, चष्मा वर करून परत बघितली. मग मला हाक.

"बघ गं, बरोबर हाय काय?"

उभ्या उभ्याच म्हटलं, "आहे की."

"न्हाय, वाकून बघ. उद्यापास्नं मी न्हाय तिथं."

मी वाकून बघितलं.