डाव्या कानाची डबी

सोम. ७ जाने. ५७
हेडफोनची डोक्यावरची पट्टी अखेर तुटली. कातडे केव्हाच सोलले होते. आता आतली पोलादी तार टाळूला बोचते. लढाईनंतर जुन्या बाजारात घेतलेला. दहा वर्षे टिकला, तक्रार नाही. पण पट्टी सैल, म्हणून डावी डबी कानावर बसत नाही. महिनाभर बिनविजेच्या, खड्याच्या रेडिओवर पुण्याच्या बातम्या एकाच कानाने ऐकते आहे. दुरुस्त करून घेणे.

बुध. ९
शाळा सुटल्यावर गेनबाकडे. चिंचवडात जोडे शिवणारा इतका नेटका दुसरा नाही. हेडफोन उलटसुलट करून म्हणाला, "ह्ये बैलाच्या जुवावानी हाय की बाई. कुनाच्या मानंवर?" माझ्याच, म्हटले. मग माप घेईना. "पायाचं माप घ्येतो मी. बाईमानसाच्या डोक्याला हात न्हाई लावायचो."
"शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला आता, गेनबा."
"व्हय. पर माईंच्या कानावर गेला नसंल त्यो."
माई म्हणजे माझी घरमालकीण. शेवटी मीच अंबाड्यावरून सुतळी धरून माप दिले.

शुक्र. ११
पट्टी आली. म्हशीचे कातडे, आत घोंगडीची घडी, टाके मुंगीसारखे. माई ओट्यावरून, "पायातली वहाण पायातच बरी हो बाई. डोक्यावर चढवलीत!" म्हटले, तुमच्या ह्यांच्या टोपीत आत कसली पट्टी आहे, बघा एकदा. 
डावी डबी तरीही मंद. अंबाड्यावरून माप घेतले तेच चुकले, कमान वर राहते. नाहीतर डबीच बिघडली असेल. डब्या उलट्या कानांना लावल्या की कळेल. इंटर सायन्स झालेल्या मला हे सांगायला नको.
उद्या.

शनि. १२
उलट्या लावल्या नाहीत. वर्गात पोरींवर ओरडले: उत्तर आले म्हणजे झाले का? ताळा कोण करणार?
सकाळी शाळेला जाताना रूळ ओलांडत होते. फाटकवाल्याने दंडाला धरून मागे ओढले. पुढून गाडी गेली, पदर उडाला. "आवं बाई, कवाधरनं वरडतोय! शिट्टी तरी ऐकायची!" विजेची गाडी, ना धूर ना धडधड. विचारात होते, असे सांगितले. "इचार घरी करा!" म्हणाला. मला, मुख्याध्यापिकेला.
म्हणजे शिट्टी झाली होती.

रवि. १३
वडिलांचे, नानांचे, असेच सुरू झाले. पन्नाशी उलटल्यावर. आधी डावा कान. शेवटी उशाशी पाटी असे. मी लिहायची: जेवलात का? ते मोठ्याने उत्तर देत, सगळ्या आळीला ऐकू जाई.
मला चोपन्न. जूनमध्ये निवृत्ती, पुढे मुदतवाढ हवी. तिला डॉक्टरचा दाखला लागतो. शाळा नसली तर मी दिवसभर काय
पट्टी आवळून घेणे.

सोम. १४, संक्रांत
चौथीतली एक चिमुरडी मधल्या सुट्टीत रडत होती. "बाईंनी माझा तिळगूळ घेतला नाही." म्हणे तीनदा हात पुढे केला, तीनदा म्हणाली, मी तशीच चालत गेले. कोणत्या बाजूने आलीस, हे विचारले नाही. हलवा तोंडात टाकला. गोड बोलले. जमले नाही फारसे.

मंगळ. १५
गेनबाला घरी बोलावले. आत येईना, म्हणून हेडफोनची तार ओट्यापर्यंत ओढली.
"माप चुकलं. उसव."
"कशापायी? बरुबर बसलीया की."
डावी डबी कानाला लाव, म्हटले. आधी नको नको, मग पटक्याच्या शेवाने कान पुसून लावली. तोंडभर हसला. "आयला! मानूस बोलतोय की ह्यात! कांद्याचा भाव सांगतोय!"
"हीच ना? डावी?"
"व्हय, हीच. पार शेजारी बसून बोलल्यावानी..." आणि माझ्याकडे पाहून थांबला. हसू विझले. डबी हळूच खाली ठेवली.
"उसवू का मग?"
नको, म्हटले.
उठला. डावीकडे उभा होता, तो वळसा घालून उजवीकडे आला आणि मगच म्हणाला, "येतो बाई."

गुरु. १७
ताळा केला. डावी डबी उजव्या कानाला: स्वच्छ. उजवी डाव्याला: नदीपलीकडून कोणी हाक मारावी तसे. नंतर तेही नाही.
पट्टी उत्तम बसली आहे. गेनबाचे काम.
पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांना पत्र लिहिले. टाकले नाही.

शुक्र. १८
शाळेत लिहिते आहे. सकाळी दाट धुके. फाटक बंद, फाटकवाला दिसेना. गाडी गेली की यायची आहे? उजवा कान लोणावळ्याकडे केला, मग पुण्याकडे. दोन पोरी आल्या, त्यांना विचारले. एकमेकींकडे पाहिले त्यांनी. "बाई, शिट्टी किती मोठ्यानं वाजतीये की!"
तरीही ऐकू आले नाही. मग गाडी दिसली.
शाळेत येताना लोणावळ्याची बाजू डावी. जाताना पुण्याची. पत्र पिशवीत आहे. टपालपेटी रुळांपलीकडे, गावात.
पाचची घंटा झाली असावी. पोरी दप्तरे उचलू लागल्या आहेत.