तिसरं पाणी

फंगशी, छाओचौ
वर्षअखेरीची थंडी

प्रिय रुईश्या,

अक्षर ओळखलं नसशील तर सांगतो, मी वंगकाका. तुमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा, भट्टीच्या राखेत रताळी भाजून तुला देणारा. आपल्यात पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, कारण जे काय बोलायचं ते चहाच्या टेबलावरच बोलून व्हायचं. पण तू हार्बिनला जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी फोनवर तुझ्या बापाचं नाव काढलं की तू लगेच तिकडच्या बर्फावर बोलायला लागतेस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं.

तुझ्या आईचे ते तीन पेले आठवतात? लग्न ठरल्यावर तुझ्या बापाने ते स्वतः चाकावर कातले आणि मी भाजले. चहाचा पेला कसा असावा, तर लहान, उथळ, पातळ आणि पांढरा, हे आमच्या कारखान्यातलं पोरसोरसुद्धा सांगेल. पण तुझा बाप तो इतका पातळ कातायचा, की भट्टीत घालताना मी तो अंडं धरावं तसा धरायचो. पेला तडकला की तो म्हणायचा, आच चुकली. मी म्हणायचो, हात चुकला. या एका भांडणावर आमचं अख्खं आयुष्य मजेत गेलं. ते तिन्ही मात्र भट्टीतून असे सुखरूप आले, की दोघांनाही भांडायला जागा उरली नाही. तू लहानपणी त्यातला एक उन्हात धरायचीस आणि पलीकडून दिसणारी आपल्या बोटाची सावली बघत बसायचीस. आई खालून ओरडायची, पेला ठेव. बाप मात्र काही बोलायचा नाही. कौतुक करायचं असलं की तो गप्पच बसतो, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

पेले तीन आणि माणसं चार झाली की एकाने थांबायचं, दुसऱ्याला 'आधी तुम्ही' म्हणायचं. तुझी आई म्हणायची, माणुसकी शिकवायला याहून वेगळी शाळा नको. ती कायम शेवटी प्यायची. ती गेल्यावर तू, तो आणि मी उरलो. पेले बरोबर पुरायला लागले आणि त्याचंच वाईट वाटायचं.

आता त्या दुपारकडे येतो. चंद्राच्या सणाचा दिवस होता. लग्नाआधी तू थ्येलिनला पहिल्यांदाच घरी घेऊन आलीस. केवढा उंच पोरगा, दाराची चौकट चुकवायला वाकला आणि हातातले मिठाईचे डबे सांडता सांडता वाचले. तुझा बाप आणि मी चहाला बसलेलो होतो, एकाच पत्तीवर दोन पाणी ओतून झाली होती. नवा माणूस दारात आला की भांड्यातली पत्ती फेकायची आणि नवी घ्यायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पत्ती नाही बदलली तर आलेल्याने समजून घ्यायचं, की आपण इथे नकोसे आहोत. तुझ्या बापाने पत्ती बदलली नाही. त्याच पत्तीवर गरम पाणी ओतलं, तीन पेले भरले आणि आपल्या तिघांपुढे सरकवले. थ्येलिनने काढा प्यावा तसा तो एका घोटात रिचवला आणि मोठा ग्लास मिळेल का म्हणून विचारलं. मला हसू फुटलं. तुला नाही फुटलं. तुझी नजर चहाच्या त्या झाकणाच्या भांड्यावर होती आणि कान लाल झाले होते.

"बाबा, पत्ती बदला," तू म्हणालीस.

"कशाला?" तो म्हणाला.

एवढंच. डबे टेबलावर ठेवून, थ्येलिनची बाही धरून तू निघालीस. त्या बिचाऱ्याला काय झालं हे आजही कळलं नसेल. ग्लास मागितला म्हणून सासरा रागावला, असंच धरून बसला असेल. त्याला सांग, ग्लासमुळे नव्हतं.

तू गेलीस ती परत आली नाहीस; त्यानंतर आम्ही दोघंच. पण तुझा बाप रोज तिन्ही पेले उकळत्या पाण्यातून काढतो. न वापरलेल्या पेल्याला रोज आंघोळ कशाला, असं मी एकदा छेडलं. म्हणाला, कोरडा राहिला की तडकतो. जन्मभर भट्टी सांभाळलेल्या माणसाला ही थाप. तुला मुलगी झाली, दोउदोउ, हे मी त्याला सांगितलं, त्या दिवशी तर त्याने तो पेला दोनदा धुतला.

आता जे लिहितोय ते न सांगण्याची त्याने मला शपथ घातली होती. ती मोडतो. पावसाळ्यात त्याला लकवा झाला, उजवा हात गेला. जीभही थोडी जड झाली आहे. घाबरू नकोस, हिंडतो-फिरतो, पेज पितो, खारवलेला मुळा कमी पडला की कुरकुरतो. पण चहा त्याच्याने ओतवत नाही. तो मी ओततो आणि तो शिव्या देतो. भांडं वर धरलं, खाली धरलं, चहा ओततोस की भट्टी विझवतोस! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. तरीही पेला पुढे ठेवला की डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकवून आभार मानतो. मला इतक्या वर्षांत त्याने कधी मानले नव्हते. ते मला बघवत नाही, रुईश्या.

मागच्या आठवड्यात दवाखान्यातला तरुण डॉक्टर त्याचा हात बघायला आला. आमचा चहा चालूच होता. मी त्याच पत्तीवर पाणी ओतायला लागलो तर तुझा बाप गुरकावला, "पत्ती बदल. परका माणूस आलाय." मी बदलली. डॉक्टर गेला आणि इतक्या वर्षांचं साठलेलं माझ्या तोंडून निघालं. विचारलं, मग त्या पोरासाठी का नाही बदललीस?

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळा झालोय.

"घरच्या माणसासाठी कोण पत्ती बदलतं?" तो म्हणाला. मग जड जिभेने, थांबत थांबत, "तिनेच फोनवर सांगितलं होतं, लग्न याच्याशीच करणार. म्हणजे घरचाच झाला. आणि तिसरं पाणी होतं, वंग. ते फेकू?"

पहिलं पाणी धुळीचं, दुसरं चहाचं, तिसरं जिवाचं, हे तुला तुझ्या आईनेच शिकवलं होतं ना? मी तिथेच होतो, पेला हातात होता, आणि मलाही तेच वाटलं होतं जे तुला वाटलं. त्या दिवशी माणसं चार होती. तुझ्या बापाने आपला पेला थ्येलिनपुढे ठेवला आणि स्वतः प्यायलाच नाही, हेही मला आत्ता आठवतंय. आणि तू पत्ती बदला म्हणालीस तेव्हा त्याला काय वाटलं, माहीत आहे? पोरगी आपल्याच माणसाला आपल्याच घरात परका म्हणतेय. तो दुखावला, तू दुखावलीस, आणि दोघंही एका हाडाची.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. माझा मुलगा मला ग्वांगचौला न्यायला येतोय, नव्या वर्षाचा सण झाला की लगेच. गुडघे जिना चढू देत नाहीत, नाही म्हणण्यात अर्थ नाही. तुझ्या बापाला सांगितलं तर म्हणाला, जा, तिकडे तुला कोण चहा देतो बघू. काल मी पोचायच्या आधी तो डाव्या हाताने ते झाकणाचं भांडं उचलायला गेला आणि बोटं भाजून घेतली. मी गेल्यावर त्याला एकट्याला बसायचं आहे, त्याचीच तयारी करत होता. म्हणून हे पत्र. मी इथे आहे तोवर ये. थ्येलिनला आण, दोउदोउला आण. पेले तीनच आहेत, थांबावं लागेल, पण थांबणारे आम्ही दोघं म्हातारे आहोत. तुम्ही येणार त्या दुपारी दोन पाणी आम्ही आधीच पिऊन घेऊ. दारात आलीस की आधी भांड्यात बघ. पत्ती जुनीच असेल. बघितलीस की काही बोलू नकोस, येऊन बस.

तुझाच,
वंगकाका