टेबल क्रमांक चार व पाच यांचे एकमत होत नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख,
पाणीपुरवठा कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

(मुख्य लिपिकांमार्फत)

विषय : नागरी सेवा परीक्षेच्या मुलाखतीस हजर राहण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत; तसेच ते वेळेत न मिळाल्यास पुढे काय, याबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचा मूळ अर्ज, दि. ४.
२) टेबल क्रमांक पाचने अर्जदारास पाठवलेले त्रुटीपत्र, दि. ९.
३) अर्जदाराचे स्मरणपत्र, दि. १४.
४) टेबल क्रमांक पाचचे 'आपले प्रकरण विचाराधीन आहे' हे पत्र, दि. १६.
५) फाईलवरील आपला शेरा, 'चर्चा करावी', दि. १९.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत टेबल क्रमांक चारवर गेली अकरा वर्षे लिपिक आहे. नागरी सेवा परीक्षेस तो यंदा चौथ्यांदा बसला. पहिल्या तीन खेपांना लेखी परीक्षेतच घोडे अडले. या खेपेस लेखी पार पडली आणि मुलाखतीचे बोलावणे आले, ते वाचून अर्जदार काही वेळ जिन्यातच बसून राहिला होता. मुलाखत परवा, दि. २७ रोजी सकाळी नऊ वाजता आहे. दोन महिन्यांनी अर्जदाराचे वय मर्यादेच्या पलीकडे जाते, त्यामुळे पाचवी खेप नाही. बोलावण्याच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात असे लिहिले आहे की, नोकरीत असलेल्या उमेदवाराने आपल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र मूळ प्रतीत सोबत आणावे, अन्यथा त्यास आत घ्यावे की नाही हे मंडळ त्या वेळी ठरवील.

२. आपल्या कार्यालयात ना हरकत प्रमाणपत्राचे प्रकरण टेबल चारने मांडावयाचे असते. टेबल चारवर अर्जदारच बसतो. स्वतःचे प्रकरण स्वतः मांडू नये असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. अशा वेळी प्रकरण शेजारच्या टेबल पाचकडे जाते. टेबल पाचच्या बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दि. १ पासून दीर्घ रजेवर आहेत. त्यांचा कार्यभार आपल्याच आदेशान्वये टेबल चारकडे, म्हणजे अर्जदाराकडे सोपवण्यात आलेला आहे. तो आदेश टाईप अर्जदारानेच केला होता. त्या वेळी त्याच्या ध्यानात काहीच आले नाही. उलट, बाईंची खुर्ची खिडकीजवळ आहे याचे थोडे बरेच वाटले होते.

३. त्यानुसार दि. ४ रोजी अर्जदाराने टेबल चारवर आपला अर्ज लिहिला, उठून टेबल पाचच्या खुर्चीत जाऊन तो स्वीकारला व त्यावर आवक क्रमांक टाकला. अर्ज तपासला असता त्यात एक त्रुटी आढळली. विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला जोडलेला नव्हता. हा दाखला टेबल चार देते. येथे अर्जदार मान खाली घालून नमूद करतो की, ही त्रुटी काढली नसती तरी चालले असते. पण अकरा वर्षांत त्याने एकही अर्ज पहिल्या फेरीत पुढे पाठवलेला नाही, हाताला तसे वळणच पडून गेले आहे. तीन वर्षांपूर्वी उंच टाकीवरच्या पंप ऑपरेटरलाही असेच प्रमाणपत्र हवे होते. अर्जदाराने त्यात दोन त्रुटी काढल्या आणि प्रमाणपत्र आठ दिवस उशिरा हातात दिले. मुलाखत तोवर होऊन गेली होती. तो माणूस अजूनही समोर आला की हसून विचारतो, "काय साहेब, बरं चाललंय ना?" अर्जदाराला त्याच्या हसण्याचा फार त्रास होतो. या गोष्टीचा प्रस्तुत अर्जाशी थेट संबंध नाही, तरी लिहावीशी वाटली म्हणून लिहिली आहे.

४. त्रुटीपत्र नियमाप्रमाणे टपालाने अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर गेले. अर्जदाराची पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. तिने पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे अक्षर तुमचंच आहे की." अर्जदाराने होकार दिला. "मग आत काय लिहिलंय तेही तुम्हाला माहीत असेल." तेही खरेच होते. पाकीट न फोडता फडताळात ठेवण्यात आले. दि. १४ रोजी अर्जदाराने टेबल चारवरून तो दाखला जोडून स्मरणपत्र दिले व दि. १६ रोजी टेबल पाचवरून त्यास 'विचाराधीन' असे उत्तर पाठवले. ते उत्तर घेऊन टपालवाला आला तेव्हा पत्नीने त्याला दारातच विचारले, "हे घेतलं नाही तर चालतं का?" टपालवाला म्हणाला की सही लागेल. सही अर्जदाराने केली.

५. इकडे मुलाखतीची तयारीही चालूच होती, कारण तारीख काही फाईलसाठी थांबणार नव्हती. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. रोज संध्याकाळी ते वर येऊन हाताच्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष म्हणून बसत. पत्नी कामावरून आली की गणवेश न बदलताच सदस्य म्हणून शेजारी बसे. अर्जदाराने स्वयंपाकघराच्या दारातून 'आत येऊ का?' असे विचारून यावयाचे, चार पावले चालावयाची आणि सांगितल्याशिवाय बसावयाचे नाही, असा सराव होता. पहिल्या दिवशी गुरुजी 'बसा' म्हणावयाचे विसरले. अर्जदार वीस मिनिटे उभाच राहिला आणि उभ्यानेच सगळी उत्तरे दिली. परीक्षेच्या अर्जात छंद म्हणून 'वाचन' लिहिले होते, त्यावर गुरुजींनी विचारले की शेवटचे पूर्ण वाचलेले पुस्तक कोणते. अर्जदाराने प्रामाणिकपणे सेवा नियमावलीचे नाव सांगितले. गुरुजी म्हणाले, "बरं. आवडली का?"

नंतर पत्नीने प्रश्न विचारला की, तुम्हाला अधिकारी का व्हायचंय? या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराला मुखोद्गत आहे. त्यात समाजातील शेवटचा माणूस येतो, पारदर्शकता येते आणि सेवेची संधी दोनदा येते. ते पूर्ण ऐकून घेऊन ती म्हणाली, "हे मी रोज तुमच्या आंघोळीच्या वेळी ऐकते. खरं उत्तर सांगा." अर्जदाराने तेच उत्तर पुन्हा, जरा सावकाश सांगितले. गुरुजींनी दहापैकी चार गुण दिले व वर एक चहा मागितला.

६. दि. १७ रोजी अर्जदाराने, टेबल पाचचा प्रभारी या नात्याने, स्वतःचेच प्रकरण कसे मांडावे याबाबत मुख्य लिपिकांकडे मार्गदर्शन मागितले. मुख्य लिपिक, ज्यांना सारे कार्यालय नाना म्हणते, यांनी फाईल पाहून त्यावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा मारला आणि ती टेबल पाचकडे परत केली. अर्जदाराने समक्ष जाऊन विनंती केली की, नाना, एवढे एक प्रकरण तुम्हीच मांडा. नाना म्हणाले, "अरे बाबा, मी मांडलेल्यावर शेरा मारतो. मीच मांडलं तर शेरा कोण मारणार?" नाना पुढल्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांना कुठल्याही नव्या भानगडीत पडावयाचे नाही, हे समजण्यासारखे आहे. अर्जदाराची त्यांच्याविषयी तक्रार नाही.

७. तेव्हा फाईल आपल्याकडे सादर करण्यात आली व आपण 'चर्चा करावी' असे लिहिले. दि. १९ रोजी दुपारी अर्जदार चर्चेसाठी आपल्या दालनात आला. आपण फाईल चाळून म्हणालात, "मांडणारा आणि तपासणारा, दोघंही हवेत. दुसऱ्याला पण बोलवा." अर्जदाराने सांगितले की ते दोघेही अर्जदारच आहे. आपल्याला हसू आले, अर्जदारालाही आले. मग आपण चष्मा काढून म्हणालात, "एकाच माणसाच्या दोन सह्यांवर मी तिसरी सही केली तर उद्या तपासणीत मला विचारतील. तुम्ही दोघं आधी एकमत करून या." आपले म्हणणे नियमाला धरूनच होते. अर्जदार बाहेर आला आणि दोन टेबलांच्या मधल्या वाटेत बराच वेळ उभा राहिला. कोणत्या खुर्चीत बसावे ते त्याला सुचेना. शिपायाने विचारले, "काही हरवलंय का?"

८. त्याच संध्याकाळी गुरुजींनी सरावात पुढील प्रसंग घातला : तुम्ही अधिकारी आहात. एक कनिष्ठ कर्मचारी रास्त मागणीचा अर्ज घेऊन आला आहे, नियम आडवा येतो आणि वेळ उरलेला नाही. तुम्ही काय कराल? गुरुजींना कार्यालयातली हकिकत ठाऊक नव्हती, त्यांनी हा प्रश्न मार्गदर्शक पुस्तकातून घेतला होता. अर्जदाराने सात मिनिटे उत्तर दिले. नियमाची बाजू सांगितली, माणुसकीची बाजू सांगितली आणि मग दोन्ही बाजूंचा समतोल सांगितला. पत्नी म्हणाली, "म्हणजे तुम्ही सही करणार का नाही?" अर्जदार म्हणाला, "वरिष्ठांचे अभिप्राय मागवीन." गुरुजींनी गुणांचा कागद घडी करून खिशात ठेवला. गुरुजी गेल्यावर गणवेशाची बटणे काढता काढता पत्नीने एवढेच म्हटले, "सहा वर्षं अभ्यास केलात तो याच खुर्चीत परत येऊन बसायला का?" अर्जदाराला ते लागले. तो रागावला नाही, कारण रागावायला अंगात काही शिल्लक असावे लागते.

९. यानंतर दोन दिवस अर्जदाराने सराव बंद ठेवला व विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नी डबा भरत असताना त्याने तिला सांगितले की खरे उत्तर सापडले आहे. अकरा वर्षे तो दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार करतो. कागद चांगला तयार होतो, त्यात एक काना-मात्रा चुकत नाही, आणि तरी त्याने कोणाचे काहीही होत नाही. माणसे कठड्यापलीकडे उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघतात आणि त्याच्याजवळ त्यांना द्यायला फक्त पुढची तारीख असते. त्याला आयुष्यात एकदा तरी समोरच्या माणसाला 'झालं तुमचं काम, जा' असे म्हणावयाचे आहे. आणि तो आता दमला आहे. पत्नीने डब्याचे झाकण लावले आणि म्हणाली, "हे सांगा तिथं." अर्जदाराने विचारले, "दमलोय हेसुद्धा?" ती म्हणाली, "तेसुद्धा." मग गुण किती पडतील असे विचारल्यावर म्हणाली, "ते मला काय माहीत? पण मी तुम्हाला घेतलं असतं." अर्जदाराला त्या सकाळी बस चुकली. हजेरीपटावर उशिराची खूण आहे, तिचे कारण हे आहे.

१०. सबब विनंती करण्यात येते की, अर्जदाराने या अर्जासोबत दोन मसुदे स्वच्छ प्रतीत जोडलेले आहेत. पहिला मसुदा ना हरकत प्रमाणपत्राचा आहे. दुसरा, परवानगीवाचून मुलाखतीस गेल्याबद्दल अर्जदारास द्यावयाच्या 'कारणे दाखवा' नोटिशीचा आहे. अशी नोटीस टेबल चार काढते, ते गैरहजर असल्यास टेबल पाच काढते, आणि त्या दिवशी दोन्ही टेबले रिकामी असतील. कार्यालयाचा खोळंबा होऊ नये म्हणून ती आधीच तयार करून ठेवली आहे. दोन्ही मसुद्यांवर सहीची जागा पेन्सिलीने खुणावली आहे. आपणांस योग्य वाटेल त्या एकावर सही करावी. दोन्हींवर करू नये, कारण मग कोणता कागद खरा हे ठरवण्यासाठी फाईल पुन्हा टेबल पाचकडे येईल.

११. सही कशावरही झाली, किंवा कशावरच झाली नाही, तरी अर्जदार परवा सकाळी पहिल्या बसने मुलाखतीस जाणार आहे. हे कळवणे त्यास आवश्यक वाटते, कारण आजवर त्याने या कार्यालयात स्वतः ठरवून काही केल्याची नोंद नाही. तेथे प्रमाणपत्र मागितले आणि ते जवळ नसले, तर का नाही ते तो सरळ सांगेल. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेल असे त्यास वाटत नाही.

१२. किरकोळ रजा आपण स्वतः मंजूर करता, ती कोणत्याच टेबलाकडे येत नाही, म्हणून दि. २७ ची रजा आपल्याकडे थेट मागत आहे. मुलाखतीचे ठिकाण बसने दीड तासावर आहे. प्रमाणपत्रावाचून दारातच परत पाठवले, तर अर्जदार साडेअकरापर्यंत कार्यालयात पोहोचू शकतो आणि अर्ध्या दिवसाची रजा पुरते. नानांनीही तसाच सल्ला दिला की, उगीच रजा वाया घालवू नकोस. अर्जदाराने पुष्कळ विचार करून पूर्ण दिवसाची रजा मागितली आहे. ती तेवढी मंजूर व्हावी.

आपला नम्र, आणि परवा दिवसभर बाहेर असलेला,

(सही)
लिपिक, टेबल क्रमांक चार
दि. २५

सोबत :
१) मुलाखतीच्या बोलावण्याची छायाप्रत.
२) ना हरकत प्रमाणपत्राचा मसुदा, सहीसाठी.
३) 'कारणे दाखवा' नोटिशीचा मसुदा, सहीसाठी.
४) किरकोळ रजेचा अर्ज, एक दिवस.