ज्याचा पाव पडेल

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
निर्णय झाला. या वर्षी पुस्तक पूर्ण करायचंच. विषय वेळेचं नियोजन. डिंकाच्या कंपनीतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात सुरू केलं होतं. आजवर पहिल्या पानावर शीर्षक आणि माझं नाव एवढं झालंय. पुढचं न होण्याचं कारण एकच. लिहायला खोली नाही.

खोली आहे, पण तिच्यात सासूबाई आहेत. पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला तीन वर्षं झाली. माझं त्यांच्याशी वाकडं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. पण बाई शाळेत पीटीच्या टीचर होत्या आणि अजून स्वतःला मैदानावरच समजतात. सकाळी चहाला बसलं की पाठ सरळ म्हणतात. पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवतात आणि चार-पाच सोपे शब्द माझ्यासाठी मुद्दाम रिकामे ठेवतात. हा अपमान नाही तर काय? संध्याकाळी मला धरून चालायला नेतात. यात अख्खा दिवस जातो. मग वेळेच्या नियोजनावर लिहायला वेळ कुठून आणायचा?

२ फेब्रुवारी, सोमवार.
सासूबाईंना मुली दोन. म्हणजे न्यायाने आता धाकटीची पाळी. पण मेहुणीचा नवरा, म्हणजे माझे साडू, महावस्ताद. सासूबाईंना न्यायचा विषय निघाला की त्यांच्या बाथरूमच्या टाइल्स बदलायला निघतात. तीन वर्षांत त्या बाथरूमचा राजवाडा व्हायला हवा होता.

बायको म्हणते, सरळ आईलाच विचार, तिला काय हवंय ते. बायको दातांची डॉक्टर आहे. दुखतं तिथे थेट हात घालायची सवय. मी तसला नाही. मी विचार करून वागतो.

३ फेब्रुवारी. दुपारी.
युरेका. माळ्यावर साडूंनीच मला निवृत्तीला दिलेला फॉन्ड्यूचा सेट सापडला. अजून खोक्यातच होता. मधोमध भांडं, खाली छोटा दिवा, भांड्यात वितळलेलं चीज, आणि सगळ्यांनी लांब काट्यांना पावाचे तुकडे टोचून त्यात बुडवून खायचं. खोक्यावर मागे बारीक अक्षरात रीत छापलीय. ज्याचा पाव भांड्यात पडेल त्याने बाकीचे सांगतील ती शिक्षा भोगायची.

योजना अशी. साडूंना सहकुटुंब जेवायला बोलवायचं. त्यांचा पाव पाडायचा. शिक्षा मी सांगायची. आईंना घेऊन जा. चार लोकांसमोर, हसत हसत. टाइल्सची टाप नाही आडवी यायची.

बायकोला फक्त फॉन्ड्यूचं सांगितलं. ती म्हणाली, तुला चहा गाळता येत नाही. हिला माहीत नाही की चिकट, घट्ट आणि उकळणारे पदार्थ हा माझा तीस वर्षांचा विषय आहे. २१ तारीख, शनिवार ठरला.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
पहिली चाचणी. चीजच्या दुकानातला माणूस तीन तऱ्हेची महाग चीज घ्या म्हणत होता. मी काय ओळखत नाही विक्रेत्यांना? कोपऱ्यावरून साधे क्यूब आणले. मोठ्या आचेवर ठेवले, कारण वेळेचं नियोजन. आधी तेल वर आलं, मग खाली एक गोळा झाला. कंपनीत असा माल निघाला असता तर बढती मिळाली असती.

सासूबाईंनी चाखला. मैदानावर याहून मऊ बॉल होते म्हणाल्या. मग खात्री करण्यासाठी आणखी एक तुकडा खाल्ला. त्यांना चवीतलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार.
दुसरी चाचणी. बायको दंतवैद्यांच्या कसल्याशा परिषदेला गेलेली, म्हणजे शांतता. महाग चीज आणलं (माझाच विचार बदलला, दुकानदाराचा काही संबंध नाही). कृतीत पेलाभर व्हाइट वाइन लागते. बाटलीत त्याहून जास्त असते, हा बाटली भरणाऱ्यांचा दोष. फेकून कशी द्यायची?

जरा डोळा लागला.

उठलो तेव्हा अंगावर शाल होती. करपलेलं भांडं लखलखीत घासलेलं. खिडक्या सताड उघड्या. बायको घरी आलेली, आणि सासूबाई तिला सांगत होत्या की जावईबापूंनी दिवसभर फार कष्ट केले. बाटली कुठे ठेवली ते मात्र मला सांगत नाहीत. असा स्वभाव आहे. लपवाछपवी.

११ फेब्रुवारी, बुधवार.
आज शास्त्र. पाव कशाने पडतो? ताजा, मऊ, कडा काढलेला पाव चीजमध्ये गेला की काट्यावरून अलगद सुटतो. कालचा, कडेसकट कापलेला पाव घट्ट बसतो. म्हणजे साडूंच्या ताटात मऊ, माझ्या ताटात कालचा. इतकं सोपं.

प्रयोगाला माणूस हवं म्हणून सासूबाईंना बसवलं. मुद्दाम मऊ तुकडे दिले. एकही पडला नाही. या वयात त्यांचा हात दगडासारखा स्थिर. पाव पडण्याची एवढी काळजी तुम्हाला का, असं विचारलं. मी म्हटलं, सुरक्षितता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या मुलाकडे पाहत असतील.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
वाक्याची तालीम. चीज ढवळता ढवळता मोठ्याने म्हणून पाहिलं. अरेरे साडूसाहेब, पडला की पाव! मग शिक्षा अशी की आईंना आता घेऊन जा, मलाही माझी खोली मिळू दे. शेवटचा भाग गाळावा का? नको, त्यात मोकळेपणा आहे. दहा-बारा वेळा म्हटलं, वेगवेगळ्या सुरात. सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागूनच, पण त्यांचा टीव्ही चालू होता. आवाज बंद असावा, पण चालू होता.

थोड्या वेळाने त्या आल्या. गॅस बारीक केला. किसलेल्या चीजला कॉर्नफ्लॉवर चोळायला लावलं, चीज मूठमूठ टाकायला लावलं, आणि चमचा इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा म्हणाल्या. आणि जमलं! रेशमासारखं. माझ्या मूळ कल्पना बरोबरच होत्या, फक्त आच थोडी चुकत होती.

खाऊन झाल्यावर तळाशी खमंग खरवड धरली होती. तिच्यावरून आमची जुंपली. शेवटी त्यांनी सुरीने मधोमध कापली. त्यातल्या त्यात मोठा वाटा माझ्याकडे सरकवला. वजनाला जपत असतील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
सासूबाई कपाट आवरतायत. माळ्यावरची बॅग काढून द्या म्हणाल्या. दिली. जुनं-पानं काढून टाकणार असतील. आज शब्दकोड्यात माझ्यासाठी एकही शब्द ठेवला नाही, सगळं स्वतःच भरून टाकलं. शेवटी आदर आला तर.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
वेळापत्रक फ्रिजवर लावलंय. ताटं मांडली. मऊ पाव साडूंकडे, कालचा माझ्याकडे. सासूबाई साडूंच्या शेजारी. घरात एकटा मीच शांत आहे. बायको म्हणाली, एप्रन उलटा आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार.
योजना शंभर टक्के यशस्वी. तपशील लिहून ठेवतो.

पाहुणे उशिरा आले. साडू दारातच फोनवर कुणाशी तरी पंधरा मिनिटं बोलत उभे. मग चीज गार होऊ नये म्हणून मी आच वाढवली. जरा जास्त वाढली. चीजच्या तारा निघायला लागल्या. मेहुणीने काटा वर केला, तरी तार सुटेना, ती खुर्चीवर उभी राहिली, तरी सुटेना. मी म्हटलं, अस्सल फॉन्ड्यू असाच असतो. साडू म्हणाले, भांड्यात कंपनीचा माल ओतलात की काय? सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

पण खरी पंचाईत वेगळीच. एवढ्या चिकट चीजमध्ये पाव पडणार कसा? साडू मऊ तुकडे बुडवतायत, ओढून काढतायत, खातायत. पडायचं नाव नाही. माझाच कालचा कडक तुकडा एकदा निसटता निसटता राहिला. मी टेबल हलवून पाहिलं. बायको म्हणाली, पाय दुखतोय का?

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा कोपर साडूंच्या कोपराला लागला, आणि साडूंचा तुकडा टपकन भांड्यात. ज्या बाईच्या हातून प्रयोगात एक तुकडा हलला नाही, तिचा कोपर घसरला. वय झालं, दुसरं काय.

तो क्षण माझा. वाक्य तयार. पण तोंडात चीज होतं आणि वरचे दात खालच्यांना चिकटलेले. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी नुसता हुं हुं करतोय. मग सासूबाईच म्हणाल्या, शिक्षा मी सांगते. मी तुमच्याकडे राहायला येते. बॅग भरलेली आहे.

मेहुणी आईकडे बघत राहिली. साडूंनी आधी तोंड उघडलं, टाइल्ससाठीच असणार, मग मिटलं, आणि म्हणाले, चला की, आज्ञा आहे. बायको फक्त माझ्याकडे बघत होती. तिने ना माझं कौतुक केलं, ना रागावली. दात तपासताना बघते तसं बघत होती.

बॅग मीच खाली नेली. जड होती. गाडीत बसताना सासूबाई म्हणाल्या, खोली मोकळी झाली, आता लिहा. पाठ सरळ ठेवून लिहा.

झोप नीट लागली नाही. चीज रात्री पचायला जड असतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार.
खोलीत टेबल लावलं. बसलो. तारीख घातली. उशीवर त्यांच्या तेलाचा वास आहे, उशी बाहेर ठेवली. मग आत आणून ठेवली, बाहेर धूळ बसते. शब्दकोडं पूर्ण माझं. सोपे शब्द शोधत बसलो, त्यांनी ठेवले असते ते कुठले असते, याचा अंदाज घेत. संध्याकाळी एकटाच चालायला गेलो. कोपऱ्यावरून परत आलो. गुडघा.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.
बायको म्हणते, आईला फोन कर, चुकलं म्हण, परत या म्हण. मी म्हटलं, चुकलं काय? खेळ होता. त्यांनी स्वतःच ठरवलं. बायको म्हणाली, तू एवढ्या मोठ्याने तालीम करत होतास की खालच्या मजल्यावरच्यांनीसुद्धा मला विचारलं, कोणाला घालवताय?

फोन केला. भांड्याचं झाकण कुठे ठेवलंय हे विचारायला, त्यासाठीच. साडूंनी उचलला. म्हणाले, जरा घाईत आहे, आईंबरोबर शब्दकोडं चाललंय. मग चालायला जायचंय, उशीर झाला की ओरडतात हो. आणि हसले. या माणसाला मी पहिल्यांदा असं हसताना ऐकलं. म्हणाले, आम्हाला काय माहीत हो, नाहीतर आईंना आधीच आणलं असतं.

वाईट वाटलं. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. फार वाईट वाटलं. झाकण विचारायचं राहिलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
एकट्यासाठी फॉन्ड्यू केला. बारीक गॅस, मूठमूठ चीज, इंग्रजी आठ. आजवरचा सगळ्यात चांगला. तळाची खरवड अख्खी सुटून आली. मधोमध कापली, सवयीने. माझा वाटा खाल्ला. दुसरा डब्यात ठेवला.

नवी योजना. येत्या शनिवारी सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. या वेळी पाव माझा पडला पाहिजे. मग सासूबाई नक्की म्हणतील की शिक्षा म्हणून मी परत येते. अशी खेळकर आहे बाई. बायको म्हणते, हे सगळं करण्यापेक्षा परत या एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तिला प्रतिष्ठा कळत नाही.

पाव पाडायची प्रॅक्टिस सुरू. मऊ पाव, कडा काढून, काटा सैल धरून. दिवसभरात एकही पडला नाही. जन्म डिंकात काढला, त्याचा परिणाम असावा.

३ मार्च, मंगळवार.
प्रॅक्टिस. मनगट ढिलं ठेवायचं, हे गुपित आहे. पुस्तक तात्पुरतं थांबवलंय. सासूबाईंचं कपाट पुसलं. शनिवारचं शब्दकोडं आधीच कापून ठेवता येईल का, असं पेपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, शनिवारी येतं.

७ मार्च, शनिवार. दुपारी.
चीज किसून तयार. कॉर्नफ्लॉवर चोळलं. ताटं मांडली, मऊ पाव सगळा माझ्याकडे.

साडूंचा फोन आला. आज जमत नाही म्हणाले. मी म्हटलं, मग उद्या या. उद्याही नाही. पुढच्या आठवड्यात? बघू म्हणाले, काय सांगू, बाथरूमच्या टाइल्स बदलायला काढल्यात, आईंशिवाय रंग कोण निवडणार? मग म्हणाले, आई शेजारीच आहेत, विचारतायत पुस्तक कुठवर आलं.

मी म्हटलं, छान चाललंय.

पाव मात्र आता पहिल्या झटक्यात पडतो.